वाच्यार्थ डाव्या मेंदूत, लक्ष्यार्थ उजव्या मेंदूत?

प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांना, म्हणजे आबांना, काही महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला. डावा हात अजून जरा कच्चा आहे, बोलणे मात्र स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, भाषा डाव्या मेंदूत असते, ती शाबूत आहे. घरच्यांचा अनुभव वेगळाच. दीर म्हणाले, "ऐन वेळी ठेकेदाराने हात वर केले," तर आबांनी विचारले, "कशाला?" शेजारच्या काकू तासभर उशिरा आल्या, सासूबाई म्हणाल्या, "या, फारच लवकर आलात!" त्यावर आबा घड्याळाकडे बघून म्हणाले, "लवकर कुठे, सात वाजून गेले." आणि तरीही नातवाने शाळेच्या अभ्यासासाठी 'हात वर करणे'चा अर्थ विचारला तेव्हा त्यांनी 'जबाबदारी झटकणे' असे अचूक सांगितले. नेटवर वाचायला मिळते की शब्दशः अर्थ डावा मेंदू लावतो आणि अलंकारिक अर्थ उजवा. हे खरे का, आणि घरी काय करता येईल?

वाचा-उपचाराच्या कामात हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, बहुतेक वेळा घरातल्या सुनेकडून किंवा मुलीकडून, कारण दिवसभर बोलणे त्यांच्याशी होते. तुम्ही दिलेल्या माहितीतली सगळ्यात मोलाची गोष्ट नातवाची आहे. उजवा मेंदू हेच जर लक्ष्यार्थाचे, म्हणजे अलंकारिक अर्थाचे, कोठार असते, तर आबांना वाक्प्रचाराचा अर्थ सांगताच आला नसता. अर्थ त्यांच्यापाशी आहे. चालत्या बोलण्यात, समोर दोन अर्थ उभे असताना, योग्य तो उचलणे जमत नाही. आता हे सविस्तर सांगतो, कारण पुढे घरी काय करायचे तेही यावरूनच ठरते.

आधी नेटवरच्या त्या वाक्याचा उगम बघू. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू तपासला. हा माणूस वर्षानुवर्षे 'टॅन' एवढेच बोलत असे. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात निघाली. १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी दाखवले की डावीकडेच, पण मागच्या भागात इजा झाली तर बोलणे धबधब्यासारखे चालू राहते, अर्थाचे मात्र तीनतेरा वाजतात. तेव्हापासून भाषा म्हणजे डावा मेंदू हे समीकरण पक्के झाले, आणि ढोबळमानाने ते खरेही आहे: उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांत भाषेचा मुख्य भार डावीकडे असतो, डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांत. तुमच्या डॉक्टरांनी म्हणूनच तसे सांगितले. वॉर्डात वस्तूंची नावे विचारणे, वाक्य परत म्हणायला लावणे, 'डोळे मिटा' अशा सूचना देणे एवढीच भाषेची तपासणी होते, आणि त्यात आबांसारखा रुग्ण पैकीच्या पैकी गुण घेतो.

मग १९७७ मध्ये एलन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांनी बॉस्टनमध्ये एक साधी पण हुशार चाचणी घेतली. 'मन जड झालेला माणूस' (इंग्रजीत शब्दशः 'जड हृदय') या अर्थाचे वाक्य ऐकवायचे आणि चार चित्रांतून एक निवडायला सांगायचे. एका चित्रात रडणारा माणूस, दुसऱ्यात भलेमोठे हृदय पाठीवर घेऊन वाकलेला माणूस, तिसऱ्यात नुसते वजन, चौथ्यात नुसते हृदय. डाव्या मेंदूला इजा झालेले, धड बोलूही न शकणारे रुग्ण बहुतेक वेळा रडणाऱ्या माणसावर बोट ठेवत, आणि हृदय वाहणारा माणूस बघून हसत. उजव्या बाजूचे रुग्ण त्या हृदयवाहू माणसाला निवडत आणि त्यांना त्यात हसण्यासारखे काही वाटत नसे. याच रुग्णांना नुसते तोंडी विचारले की या शब्दांचा अर्थ काय, तर ते 'दुःखी आहे' असे बरोबर सांगत. तुमच्या आबांची गोष्ट जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी नोंदवलेली आहे, ती ही अशी.

१९९४ मध्ये बॉटिनी आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणाऱ्या तपासणीत, निरोगी माणसांना साधी आणि रूपकात्मक वाक्ये वाचायला दिली, आणि रूपकांच्या वेळी उजव्या बाजूचे अनेक भाग जास्त काम करताना दिसले. झाले. रूपक म्हणजे उजवा मेंदू हे वाक्य पाठ्यपुस्तकांत गेले, तिथून वर्तमानपत्रांत, आणि आता मोबाइलवर. 'उजव्या मेंदूचे सर्जनशील, डाव्या मेंदूचे हिशेबी' या बाजारू थिअरीला ते आयतेच फावले.

पुढे मात्र गणित जमेना. २००४ मध्ये जर्मनीत रॅप आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआय या तशाच प्रकारच्या यंत्रात छोटी, सोप्या रचनेची रूपके वापरली, तर जास्तीचे काम मुख्यतः डाव्या बाजूलाच दिसले. इटलीत पापान्यो, ताबोस्सी आणि सहकाऱ्यांना अफेजियाचे, म्हणजे डाव्या बाजूच्या इजेने भाषा बिघडलेले रुग्णही वाक्प्रचारांना शब्दशः चित्र निवडताना आढळले. २०१२ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र करून दोन मोठी विश्लेषणे झाली. दोन्हींचा सूर सारखा: अलंकारिक भाषेचे जाळे मुख्यतः डाव्या बाजूला, साध्या भाषेच्याच भागांत पसरलेले आहे, आणि उजवा मेंदू काही परिस्थितींत मदतीला येतो. कोणत्या परिस्थितींत, हा खरा प्रश्न.

इथे आपल्याकडचे एक जुने साधन फार उपयोगी पडते. नातवाच्या व्याकरणाच्या पुस्तकात अभिधा, लक्षणा, व्यंजना असतील बघा: शब्दाचा सरळ अर्थ, तो बसत नाही म्हणून घेतलेला दुसरा अर्थ, आणि नुसता सुचवलेला अर्थ. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे लक्षणेचे उदाहरण आपण सगळ्यांनी पाठ केलेले. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने लक्षणेच्या अटी सांगितल्या: आधी मुख्यार्थाला बाध यायला हवा, म्हणजे सरळ अर्थ बसता कामा नये, मग त्या मुख्यार्थाशी संबंधित दुसरा अर्थ हवा, आणि त्यामागे एकतर रूढी हवी किंवा काही प्रयोजन. 'गंगेवर गवळीवाडा' हे वाक्य घ्या. प्रवाहावर वाडा कसा असेल? असू शकत नाही, म्हणून तो काठावर आहे असे समजायचे.

गंमत बघा, १९७० च्या दशकात पॉल ग्राइस आणि जॉन सर्ल या तत्त्वज्ञांनी मांडलेला क्रम हाच होता. ऐकणारा आधी शब्दशः अर्थ लावतो, तो बसत नाही असे दिसले की मागे फिरतो आणि दुसरा शोधतो. हे खरे असेल तर दोन गोष्टी व्हायला हव्यात: लक्ष्यार्थ लागायला नेहमी जास्त वेळ लागला पाहिजे, आणि शब्दशः अर्थावर काम भागत असेल तर लक्ष्यार्थ मनात यायलाच नको.

दोन्ही गोष्टी प्रयोगात टिकल्या नाहीत. १९७८ मध्ये ऑर्टनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आधी चारदोन वाक्यांचा पुरेसा संदर्भ दिला, तर अलंकारिक वाक्य साध्या वाक्याइतक्याच वेगाने कळते. १९८२ चा ग्लक्सबर्ग, गिल्डिया आणि बुकिन यांचा प्रयोग तर मला फार आवडतो. प्रिन्स्टनमध्ये त्यांनी लोकांना सांगितले, पडद्यावरचे वाक्य शब्दशः खरे की खोटे एवढेच सांगा, बाकी विचार नको. 'काही नोकऱ्या म्हणजे तुरुंग असतात' हे शब्दशः खोटे. अर्थहीन जोडी लावलेली वाक्येही खोटीच. पण नोकरी-तुरुंगाला 'खोटे' म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला, कारण लक्ष्यार्थ न बोलावता आलेला होता आणि 'हे तर खरेच आहे' म्हणत आडवा पडत होता. त्याला थांबवता येत नाही. मुख्यार्थाला बाध येईपर्यंत मेंदू वाट बघत बसत नाही.

ईईजीनेही, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीनेही, तेच सांगितले. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांना आढळले की 'त्याने गरम पावाला मोजे लावले' अशा धर्तीच्या वाक्यात विसंगत शब्द (इथे 'मोजे', इंग्रजीत तो शेवटी येतो) आल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडना ऋण दिशेची एक लाट मिळते. तिला एन-४०० म्हणतात. शब्दाचा अर्थ संदर्भात बसवायला जितके कष्ट, तितकी लाट मोठी. २००२ मध्ये कूल्सन आणि व्हॅन पेटन यांनी 'नशा आणणारा पदार्थ' या अर्थाचा एकच शब्द तीन प्रकारच्या वाक्यांच्या शेवटी ठेवला. एकात दारू, ती तर नशेचीच. एकात खोकल्याचे औषध नशेसाठी वापरलेले. आणि एकात सत्ता, म्हणजे आपली सत्तेची नशा. लाट तिन्ही वाक्यांत त्याच सुमारास आली, उंची मात्र पायरीपायरीने वाढत गेली. लक्ष्यार्थासाठी वेगळा, उशिराचा टप्पा दिसला नाही. काम तेच, फक्त कष्ट जास्त.

म्हणजे मम्मटाचा क्रम मेंदूत दिसत नाही. पण त्याची शेवटची अट, रूढी किंवा प्रयोजन, ही मात्र नेमकी त्या जागी बोट ठेवते जिथे आजचे संशोधन येऊन पोहोचले आहे. मेंदूच्या दृष्टीने मोठी सीमारेषा शब्दशः आणि अलंकारिक यांच्यात नाहीच. ती आहे रुळलेले आणि नवे यांच्यात.

'तोंडाला पाने पुसणे' घ्या. यातली कोणती पाने आणि ती कशी पुसायची, हे विचारत कोण बसतो? हा आख्खा वाक्प्रचार आपल्या मेंदूत एका शब्दासारखा साठलेला आहे, 'फसवणे'च्या शेजारी. इस्रायलच्या राशेल जिओरा यांनी १९९७ मध्ये हेच मांडले: जो अर्थ सर्वांत ठळक, सवयीचा, तो आधी वर येतो, मग तो शब्दशः असो की अलंकारिक. 'डोकं खाऊ नकोस' ऐकताना कवटी आणि चमचा कोणाच्या मनात येत नाही. आणि रूपकेही रुळत जातात. बाउडल आणि गेन्टनर यांनी २००५ मध्ये याला रूपकाची कारकीर्द म्हटले: नवे असताना तुलना करावी लागते, वापरून वापरून ते शब्दाचा एक अर्थच होऊन बसते. 'डोकं हँग झालं' हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर क्षणभर विचार करावा लागला असता. आज आठवीतला मुलगा ते म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कॉम्प्युटर येतही नसेल.

मराठीत आणखी एक बाब आहे. आपले क्रियापद शेवटी येते. 'त्याने साहेबांचे कान' इथपर्यंत ऐकले की पुढे भरले, टोचले, उपटले, काहीही येऊ शकते. 'पाणी'चे तर विचारूच नका: सोडले, पाजले, फिरवले, जोखले. काच्चारी आणि ताबोस्सी या इटालियन संशोधकांनी १९८८ मध्ये म्हटले की वाक्प्रचारातला एक कळीचा शब्द येईपर्यंत शब्दशः अर्थ चालू असतो, आणि तो शब्द आला की आख्खा वाक्प्रचार ओळखला जातो. आपल्याकडे ही कळ बऱ्याचदा वाक्याच्या अगदी शेवटी असते. क्रियापदानंतरही काम संपत नाही, कारण 'हात वर केले' हे वर्गातही होते, पोलिसांसमोरही होते आणि ठेकेदारही करतो. तिन्ही ठिकाणी शब्द तेच. निवड संदर्भाने करायची. मी तपासणीत अशी दुअर्थी वाक्येच जास्त वापरतो, कारण 'तोंडाला पाने पुसली'ला दुसरा अर्थ नसतोच म्हणून रुग्ण सहज पास होतो.

मग उजवा मेंदू येतो कुठे? नव्या, न रुळलेल्या जोडणीत. मार्क बीमन यांची कल्पना अशी की शब्द ऐकताच डावा मेंदू त्याच्या जवळच्या, घट्ट अर्थांवर झोत टाकतो, आणि उजवा मेंदू दूरदूरच्या अर्थांना मंदसे जागे ठेवतो. 'फणस' म्हटले की डावीकडे फळ, गरे. उजवीकडे कोकण, चीक, काटे, आजोळ, सगळेच अंधूक. रुळलेल्या वाक्याला झोत पुरतो, नव्या रूपकाला ते अंधूक अर्थ लागतात. इस्रायलमध्ये मशाल, फाउस्ट आणि सहकाऱ्यांनी न ऐकलेल्या शब्दजोड्या वापरल्या तेव्हा उजव्या बाजूचा कानामागच्या पट्ट्यातला भाग जास्त जागा झालेला दिसला. आणि २००८ मध्ये याच गटाने चुंबकीय स्पंद देऊन तो भाग तात्पुरता मंद केला, तेव्हा नवी रूपके समजायला अडचण झाली, रुळलेली नाही. डाव्या बाजूच्या पुढच्या भागावर तेच केल्यावर शब्दशः आणि रुळलेल्या जोड्या अडखळल्या. नुसते स्कॅनमधले रंग बघण्यापेक्षा मला हा पुरावा जास्त वजनदार वाटतो, कारण इथे भाग बंद करून परिणाम बघितलेला आहे.

शरीराशी जोडलेल्या रूपकांबद्दलही लोक विचारतात. २००४ मध्ये हाउक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की चाटणे, उचलणे, लाथ मारणे अशी क्रियापदे नुसती वाचली तरी जीभ, हात, पाय हलवणाऱ्या पट्ट्यांत हालचाल दिसते. २०१२ मध्ये अटलांटात लेसी आणि सहकाऱ्यांना 'खडबडीत दिवस गेला' अशा स्पर्शाच्या रूपकांनी पृष्ठभागाचा पोत ओळखणारा भाग जागा झालेला दिसला. यावरून 'प्रत्येक रूपक शरीर पुन्हा जगते' अशी विधाने केली जातात ती मला फुगवलेली वाटतात. देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच सांगितले होते की रूपक जितके ओळखीचे, तितका हा शारीरिक भाग कमी जागा होतो. पुन्हा तेच, रुळलेले आणि नवे.

आता आबांकडे येऊ.

रूपक समजण्यात अर्थ जागे करणे हे अर्धेच काम. नको ते अर्थ विझवणे हे उरलेले. २००१ मध्ये गर्न्सबाकर आणि सहकाऱ्यांनी 'तो वकील म्हणजे शार्क आहे' असे वाक्य दिले आणि लगेच 'शार्क चांगला पोहतो' हे खरे का विचारले. लोक उत्तर द्यायला नेहमीपेक्षा रेंगाळले, कारण वकिलाचे वाक्य समजताना पोहण्याचा गुण मेंदूने दाबून टाकला होता. पिट्सबर्गच्या कॉनी टॉम्पकिन्स यांनी उजव्या बाजूच्या रुग्णांवर अनेक वर्षे काम करून जे मांडले ते असे की त्यांच्यात अर्थ जागे होतात, ते विझवणे मंदावते. ठेकेदाराच्या वाक्यात आबांच्या मनात दोन्ही अर्थ आले असणार. वर गेलेले दोन हात विझले नाहीत.

टॉम्पकिन्स यांच्याच १९९२ च्या एका प्रयोगात रुग्णांना वाक्य ऐकताना ठरलेला शब्द येताच बटण दाबायचे होते. शब्द ओळखीच्या वाक्प्रचारात असला की निरोगी माणूस लवकर दाबतो, कारण पुढचे आधीच कळलेले असते. उजव्या बाजूचे रुग्णही निरोगी माणसांसारखेच वागले. वाक्प्रचाराचा अर्थ सांगा म्हटल्यावर मात्र ते मागे पडले. विनर-गार्डनरच्या रुग्णांना तोंडी जमत होते आणि चित्रावर अडत होते. हे दोन निकाल एकमेकांशी भांडतात असे वाटेल, पण दोन्हींत अर्थ एका वाटेने हाती लागतो आणि दुसऱ्या वाटेने नाही. आबांना नातवाची वाट सोपी जाते: प्रश्न सुटा, अर्थ एक, घाई नाही, इतर कोणी बोलत नाही. दिवाणखान्यात तेच वाक्य चार जणांच्या गप्पांतून येते.

चित्रांच्या चाचणीबद्दल एक सावधगिरी. उजव्या स्ट्रोकमध्ये अनेकांचे डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होते. ताटातला डावीकडचा पदार्थ तसाच राहतो, दाढी अर्धीच होते. अशा माणसासमोर चार चित्रे पसरली आणि बरोबर चित्र डावीकडे असले, तर तो ते बघणारच नाही, आणि आपण लिहिणार 'रूपक समजत नाही'. मी चित्रे एकाखाली एक लावतो, उजवीकडे सरकवून. आबांच्या बाबतीत आधी हे बघून घ्या. ऐकण्याचीही तपासणी करा. या वयात कानाचा दोष बहुधा असतोच, आणि अर्धवट ऐकलेल्या वाक्याचा लक्ष्यार्थ कोणालाच लागत नाही.

सासूबाईंच्या 'फारच लवकर आलात'ची गोष्ट वेगळी आहे, ती हात वर करण्यात मिसळू नका. तो टोमणा आहे, व्यंजनेच्या घरचा. तिथे शब्दांचा अर्थ एकच असतो, उलटतो तो सुराने. बोलण्यातला सूर ओळखणे आणि स्वतःच्या बोलण्यात सूर आणणे यात उजव्या मेंदूचा वाटा मोठा आहे. इलियट रॉस यांनी १९८१ मध्ये उजव्या इजेनंतर सूर हरपण्याचे प्रकार पद्धतशीर मांडले. आबांचे स्वतःचे बोलणे स्ट्रोकनंतर सपाट, एकसुरी झाले आहे का? झाले असेल तर त्यांना राग, लोभ, काळजी वाटत नाही असा अर्थ काढू नका. गळ्यात उमटत नाही एवढेच. टोमण्याला आणखी एक लागते: बोलणाऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज. तेही या इजेत कमी होते.

घरी काय करायचे. पहिले म्हणजे टोमणे, आडून सुचवणे आणि चालता चालता केलेली विनोदी कोटी आबांपुरती कमी करा. 'इथे उकडतंय नाही?' असे म्हणून पंख्याची वाट बघू नका, 'आबा, पंखा लावता का?' म्हणा. वाक्प्रचार मात्र बंद करू नका. संदर्भ आधी, वाक्प्रचार नंतर. 'ठेकेदाराने पैसे घेतले, काम अर्धे टाकले, आणि विचारल्यावर हात वर केले' असे सांगितले तर बहुतेक वेळा लागते. ऑर्टनीच्या प्रयोगात संदर्भाने जे साधले तेच इथे. टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस बोलणारा, आणि तो त्यांच्या उजव्या बाजूला बसलेला.

दुसरे, एक व्यायाम. लुंडग्रेन, ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा मोजक्या रुग्णांवर शब्दांचे फुगे काढण्याची पद्धत वापरली आणि बऱ्याच जणांत सुधारणा नोंदवली. मी ती अशी करतो. कागदावर वाक्य लिहितो: 'त्यांचे घर म्हणजे एसटी स्टँड'. खाली दोन वर्तुळे. एसटी स्टँडच्या भोवती रुग्णाने सुचेल ते सांगायचे: लाल गाडी, गर्दी, कंडक्टर, ये-जा, भोंग्यावरची घोषणा, चहाची टपरी, कोणी मुक्कामाला नसते. हे बहुतेकांना भराभर सुचते, कारण अर्थ जागे होण्यात अडचण नाही. मग घराभोवती. आणि मग खरा व्यायाम: एसटीकडचा एकेक शब्द घ्यायचा आणि विचारायचे, हे घराला लागू होते का? नसेल तर पेनाने खोडायचे. लाल गाडी, खोडा. कंडक्टर, खोडा. गर्दी, ठेवा. ये-जा, ठेवा. खोडायला वेळ लागतो, 'त्यांच्याकडे लाल गाडी आहेसुद्धा' असे वादही होतात. होऊ द्या. जे मनात आपोआप विझायला हवे ते आपण हाताने विझवून घेतो आहोत. सुरुवात 'आमचे सर म्हणजे फणस'सारख्या रुळलेल्या वाक्याने करा, मग नव्याकडे जा. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि नातू जोडीला असेल तर उत्तमच. मात्र त्याला बजावा, आबांची परीक्षा घ्यायची नाही.

आबा स्वतः म्हणतील, 'मला काही झालेले नाही, तुम्हीच कोड्यात बोलता.' हट्ट समजू नका. आपल्यातली उणीव न जाणवणे हेही उजव्या इजेचेच लक्षण आहे. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. एक खबरदारी मात्र घ्याच: फोनवरून कोणी गोड बोलून ओटीपी किंवा सही मागत असेल, तर त्यातला डाव त्यांच्या लक्षात येणार नाही. बँकेचे व्यवहार काही काळ दोघांनी मिळून करा.

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, नंतर कमी होतो, पण थांबतोच असे नाही. स्ट्रोकची अडचण जिथे आहे तिथे राहते किंवा सुधारते. म्हणून आबांची समज महिन्यागणिक घटत असेल, किंवा स्वभाव बदलत चालला असेल, संकोच सुटत असेल, तर ते या स्ट्रोकच्या खात्यावर टाकू नका. न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवा. मेंदूच्या पुढच्या भागाच्या डिमेन्शियातही माणूस म्हणींचे शब्दशः अर्थ लावू लागतो. आबा डावखुरे असतील तर तेही सांगा, त्यांच्यात वाटणी वेगळी असू शकते.

जाता जाता, स्वमग्न मुलांच्या पालकांनाही कोणीतरी 'उजव्या मेंदूचा दोष' असे सांगून ठेवलेले असते. कोर्टनी नॉर्बरी यांनी २००५ मध्ये दाखवले की त्या मुलांत रूपक कळणे हे निदानापेक्षा शब्दसंपत्तीच्या खोलीवर जास्त अवलंबून असते. त्या मुलांचे आणि आबांसारख्यांचे उपाय एक नाहीत.

जवळच्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. आबांना न कळलेले वाक्य जसेच्या तसे लिहा, 'म्हण कळली नाही' असे नको. ते कोण बोलले, खोलीत किती माणसे होती, आबांना काय वाटले. आणि एक रकाना असा: तेच वाक्य थोडा संदर्भ देऊन, शांतपणे पुन्हा सांगितल्यावर कळले का? तपासणारा आधी तो रकाना वाचेल, कारण उपचार कुठून सुरू करायचा ते त्याला तिथेच दिसते.